पाटीला लावायचा हात

"हात लाव गो!"

फाटकातूनच हाक यायची. करंज्याहून पनवेलला मासे घेऊन येणारी आमची कोळीण डोक्यावरची पाटी कधी एकटीने उतरवत नसे. उतरवताना घरातल्या बाईने धरायची, निघताना पुन्हा चढवून द्यायची. मग तुम्ही पूजेला बसलेल्या असा नाहीतर केस धूत असा.

मीही धरायची, पण दोन बोटांनी. लेक इंग्लंडला शिकायला निघाली होती ना! माझी मान अशी ताठ, जणू प्रवेश मलाच मिळाला होता.

कोळणीने लेकीसाठी सोडे आणले, स्वतः सोलून वाळवलेली कोलंबी. "पोरीला दे. परक्या गावात तोंडाला चव ऱ्हाते." मी गोड हसले आणि बॅग भरताना पुडी हळूच बाहेर काढली. विमानात वास सुटला तर लोक काय म्हणतील?

लेक गेली. पुढच्या शुक्रवारी तेच सोडे वांग्यात शिजत होते, आणि फाटकातून हाक आली. पाटी उतरायच्या आधीच हिचं नाक वर. "वयनी, माजं सोडं इलायतेला नाय गेलं. तुज्या टोपात हाय!"

मी पाटी उतरवून घेत सारवासारव करणार, तोच फोन वाजला. लेक हमसून रडत होती, कोळणीलाही ऐकू जाईल अशी. "आई, मी परत येते. चार दिवस कुणाशी बोलले नाहीये गं." मी नुसतं "अगं, अगं" करत राहिले. कोळणीने पदराला हात पुसले आणि फोन घेतला.

"बाजूच्या खोलीत कोन हाय? म्हाईत नाय? आगो, मी करंज्यापासून पाटी आनते, पन उतरवाया दुसरीचाच हात लागतो. मना लाज नाय, तुला कशाची? उजाडलं का दार वाजव."

रविवारी पुन्हा फोन. शेजारी नायजेरियाची मुलगी निघाली. दोघी एकत्र रांधत होत्या. "आई, तिच्या खोलीत आपल्या सोड्यांसारखाच वास येतो! तिच्या आईने सुकी कोलंबी बांधून दिलीय."

तिच्या आईने!

लेक पदवी घेऊनच आली. त्या दिवशी पाटीला तिचे आणि माझे, चारही हात लागले. "आता कशी हलकी झाली बग," कोळीण म्हणाली.

पुढे एका वर्षी नारळीपौर्णिमा होऊन गेली तरी हाक आली नाही. ती गेल्याचं बाजारात कळलं.

आता मासे स्कूटरवरून येतात. मासेवाला खोकं एकटाच उतरवतो, एकटाच चढवतो. मी मात्र अजून दोन्ही हात पुढे करून फाटकापर्यंत जाते.

"काय झालं, आजी?" तो विचारतो.

"काही नाही रे. दे, हात लावते."