पडली तरी लागू नये अशी फरशी

एका खोलीची फरशी बदलायची म्हटली तर धूळ होते तेवढेच किस्सेही होतात. धूळ मी पुसून काढली. किस्से अजून निघतायत. माहेरी पांढुर्ण्याला गेले की मैत्रिणी म्हणतात, "तुझ्या फरशीचं सांग ना," आणि कितीही दमलेली असले तरी मी सांगायला बसते. आधीच सांगून ठेवते, यात माझी बाजू फारशी भक्कम नाही.

झालं असं की माझी लेक स्वरा सव्वा वर्षाची होऊन गेली तरी चालत नव्हती. भिंत धरून उभी राहायची, आमच्याकडे बघून हसायची आणि खाली बसायची. एकदा सोडली होती तिने भिंत. आमच्या गुळगुळीत टाइल्सवर पाय सटकला, कपाळावर हे एवढं टेंगूळ आलं, आणि तेव्हापासून भिंतीवरचा हात काढायला ती तयार नाही. डॉक्टर म्हणाले, "सगळं ठीक आहे, चालेल तिच्या वेळेवर." मी शाळेत विज्ञान शिकवते. पुराव्याशिवाय काही मानू नका असं मुलांना रोज सांगते. तरी दवाखान्यातून सौंसरच्या घरी येईपर्यंत ऑटोत माझं ठरून गेलं होतं: दोष टाइल्सचा आहे, लाकडी फरशी टाकायची. पोरीच्या वेळेवर आपलं काही चालत नाही. फरशी निदान बदलता येते.

*

पहिली धास्ती सासऱ्यांना बसली. बाबांची लोधीखेड्याकडे संत्र्याची बाग आहे, आणि सागाच्या या पट्ट्यात जन्म गेलेल्या माणसाला लाकूड म्हटलं की आधी जंगल खातं आणि त्याचा तपासणी नाका आठवतो.

"पुरी खोली लाकडाची? नाक्यावाले घरात येऊन उभे राहतीन."

निलेश, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "बाबा, दुकानातून बिलानं घेऊन राहिलो."

"तुले मायीत आहे बिलानं घेतलं. त्यायले कोन सांगन?"

माल आला त्या दिवशी बाबा फाटकाशी खुर्ची टाकून बसले. बिल खिशात. जेवायलासुद्धा आत आले नाहीत. दिवसभरात कोणीही काही विचारायला आलं नाही. संध्याकाळी खुर्ची उचलून आत आले तेव्हा थोडे नाराजच दिसले.

*

पण त्याच्या आधी दुकान. नागपूरला गेलो. स्वरा निलेशच्या खांद्यावर झोपलेली. दुकानदाराने एकेक नमुना खाली मांडला: हा साग, हा ओक, हा वरून लाकूड आणि खाली प्लाय. रंग बघा, रेषा बघा, चमक बघा. मला रंगाशी काय करायचंय? मी खाली बसले आणि सागाच्या पट्टीवर कपाळ टेकवून हळूच आपटून पाहिलं. मग ओकवर. मग जरा जोरात, कारण पोर काही हळू पडत नाही.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, असं कोणी पाहत नाही."

निलेश दाताखालून म्हणाला, "उठ ना. लोक पाहून राहिले."

मी विचारलं, "यातलं सगळ्यात कमी लागणारं कोणतं?"

दुकानदाराने माझ्या कपाळाकडे पाहिलं. "मॅडम, लाकूड आहे ते. गादी नाही."

मी उठले. परतीच्या गाडीत कपाळ ठणकत होतं. कोणत्या लाकडामुळे ते काही केल्या आठवेना.

*

तरी एक नमुना लॅमिनेटचा घेऊन आले. स्वस्त आणि दिसायला हुबेहूब. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, पट्टी उलटीपालटी केली, नखाने खरवडली.

"हे लाकूड आहे?"

"नाही आई. आत भुशाचा पुठ्ठा असतो. वर लाकडाचा फोटो चिकटवतात."

आईंनी पट्टी माझ्या हातात परत दिली. "फोटोवर चालन का पोरगी?"

लॅमिनेटचा विषय तिथे संपला. सागाच्या पट्ट्या ठरल्या.

*

समोरच्या काकूंना बातमी लागायला वेळ लागला नाही. फाटकाशी उभं राहूनच त्या म्हणाल्या, "काहो स्वराची आई, पोरगी चालत नाही म्हनून घर खोदून राहिले म्हनते? आमचे पोरं तं शेनानं सारवलेल्यावर चालले बाप्पा."

उत्तरं मला दुसऱ्या दिवशी भांडी घासताना सुचतात.

आईंना तिथल्या तिथे सुचलं. "चालले न बाई. असे चालले का पुन्यालेच जाऊन थांबले. दिवाळीलेही वापस येत नाहीत."

काकू तेव्हापासून आमच्या फरशीबद्दल बोलत नाहीत. आमच्याशीही फारसं बोलत नाहीत.

*

एवढं ऐकून आई माझ्या बाजूच्या होत्या असं वाटेल. नव्हत्या. फिटर आला आणि म्हणाला, यावर बादलीनं पाणी टाकायचं नाही, फडका ओला करून पिळायचा आणि नुसता फिरवायचा. आईंचा चेहरा उतरला. त्यांच्या सकाळी फरशी धुण्यापासून सुरू होतात.

"पान्याबिगर फरशी? मंग आंग बी नुसतं पावडर लावूनच धुवाचं का?"

दोन्ही हात कमरेवर ठेवून त्यांनी त्याचं सगळं काम पाहिलं. पट्टीला पट्टी बसत गेली, खोली उजळत गेली. तो हत्यारं पिशवीत भरू लागला तेव्हा आई पुढे झाल्या. एकदम हळू आवाजात विचारलं, "भाऊ, चालन न पोरगी याच्यावर?"

"गॅरंटी वाळवीची आहे काकू," तो म्हणाला. "चालन्याची नाही."

तो गेल्यावर आईंच्याच तोंडून कळलं की जामसांवलीच्या हनुमानाला त्यांनी आधीच नवस बोलून ठेवला होता: पोरगी पायानं चालत दर्शनाला येईल. मला सांगितलं नव्हतं, मी आणखी काळजी करीन म्हणून.

*

फरशी झाली आणि आई तिच्या पहारेकरी झाल्या. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. टाचांवर जोर देऊन चालायचं नाही. माझी मम्मी पांढुर्ण्याहून आली, तिची बॅग चाकांची. आईंनी दारातच बॅग उचलून डोक्यावर घेतली. "विहीनबाई, रागावू नका. चाकानं वळ पडते."

मम्मीने मला स्वयंपाकघरात ओढलं. "तुह्या घरी बसाचं कुठं?"

आणि स्वरा? साग मऊ लागतो की कडक, तिला काय त्याचं. भिंत धरून उभी, हसली, बसली. एवढं सगळं करून आता भिंतीचा रंग तेवढा बदलायचा राहिलाय, असं निलेश म्हणाला. मी हसले नाही. खरं सांगू, तसा विचार माझ्या डोक्यात येऊन गेला होता.

*

मग संत्र्याचा बहार आला. नणंदेकडे पाठवायला बाबांनी बागेतून एक पेटी आणली, जुन्या पद्धतीची, फळ्या ठोकून केलेली. टेकवली खोलीत, दारापाशी. आई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "फरशीवर नका ठेवू."

"उचलतोच," म्हणत बाबा पाणी प्यायला वळले.

स्वराने भिंत सोडली. दोन्ही हातांनी पेटीची कड धरली आणि ढकलली. खर्रर्र असा आवाज झाला. पेटी सरकली, मागोमाग एक पाऊल. पुन्हा खर्रर्र, पुन्हा पाऊल. मी पळाले. कशाकडे पळाले ते मला विचारू नका. दारात आईंचा हात आडवा आला.

"थांब. बोलू नको."

मागून बाबा कुजबुजले, "पेटीले खाली खिळा आहे वो."

"मायीत आहे," आई म्हणाल्या. डोळे पोरीवरच.

दारापासून खिडकीपर्यंत. तिथे पेटी भिंतीला अडली. स्वराने मागे वळून आमच्याकडे पाहिलं, आणि पेटीही सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी निलेशने ओरखड्याचा फोटो दुकानात पाठवला. काही दिवसांनी फिटर आला, हातात रंगाची कांडी आणि पॉलिश. दारापासून खिडकीपर्यंत सतरंजी अंथरलेली होती. मधोमध आई परातीत तूर निवडत बसलेल्या.

"काकू, स्क्रॅच भरून देतो. कुठं आहे?"

आईंनी तुरीतला एक खडा काढून बाजूला ठेवला.

"कोनता स्क्रॅच?"