काकांच्या मापाची सीट

सकाळी चहाचा कप घेऊन मी गॅलरीत येतो, तेव्हा खाली शेजारच्या सुमनकाकू गाडीचं कव्हर काढत असतात. काका गेल्यापासून ती गाडी जागची हललेली नाही. काकूंना चालवता येत नाही. पण गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते, एवढं काकांच्या तोंडून ऐकून त्यांच्या मनात पक्कं बसलंय. म्हणून त्या डाव्या बाजूला, आपल्या नेहमीच्या जागेवर बसतात, तिथूनच वाकून किल्ली फिरवतात आणि इंजिन घरघरत असेपर्यंत समोरच्या कंपाउंडच्या भिंतीकडे बघत राहतात.

आज मला राहवलं नाही. खाली जाऊन म्हटलं, "काकू, नुसती चालू ठेवून बॅटरी नीट चार्ज होत नाही. मी एक चक्कर मारून आणू का?"

"नको रे," त्या घाईने म्हणाल्या. "तू उंच. सीट मागे घेशील."

मी त्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. गेलेल्या माणसाचे कपडे वाटून टाकता येतात, चष्मा कपाटात ठेवून देता येतो. पण त्याच्या पायांपुरती सोडलेली ही जागा, त्याच्या डोळ्यांना जुळवलेला हा आरसा, हे कुठे उचलून ठेवायचं? दुसरं कुणी बसलं की संपलंच.

काकूंनी हात लांबवून इंजिन बंद केलं. मग उतरण्याआधी त्यांनी सावकाश आपला पट्टा सोडला. उभ्या गाडीतही त्या पट्टा लावून बसल्या होत्या.