विहिरीजवळचं कलम

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि आमची हापूसची बाग मसुऱ्याजवळ आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असू शकतो, हे बाबांना कधीच मान्य नव्हतं.

व्यापारी आला की बाबा विहिरीजवळच्या कलमाचा पिकलेला आंबा त्याच्यासमोर कापत. आत केशरी, घट्ट गर. तेवढ्यावर अख्ख्या बागेचा सौदा ठरे. यात लबाडी अजिबात नव्हती. सगळी कलमं एकाच मूळ झाडाची, म्हणून एकाचा आंबा तोच सगळ्यांचा, अशी त्यांची भाबडी समजूत. गेल्या वर्षी मात्र नेहमीच्या व्यापाऱ्याच्या पेट्यांत साका निघाला, म्हणजे आतून पांढरट, आंबूस गर. यंदा तो फोनवर आढेवेढे घेऊ लागला आणि बाबांचं जेवणावरून लक्षच उडालं.

मी म्हटलं, एक झाड म्हणजे बाग नव्हे. नमुना सगळ्या बागेतून घ्यायचा, आणि आपण निवडायचा नाही. बाबा चिडले. पोटच्या मुलीचाच माझ्या झाडांवर विश्वास नाही म्हणाले. पण हट्टीपणा मी त्यांच्याकडूनच घेतलाय. झाडांना नंबर दिले, चिठ्ठ्या डब्यात घातल्या आणि निघाल्या त्या बारा झाडांचा एकेक आंबा नंबर टाकून गवतात पिकत ठेवला. बाबांनी या सोडतीची यथेच्छ टिंगल केली, पण रोज गवत उचकून बघायचे तेच.

पिकल्यावर पडवीत बसून बाराही आंबे त्यांनीच कापले. नऊ चांगले. तीन साक्याचे, तिन्ही वरच्या कातळावरच्या ओळीतले, जिथे जमीन दुपारी भाजून निघते.

माझं म्हणणं खरं ठरलं होतं. बाबांनी सुरी पुसून खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्सां मी त्याका फसवलंय गो?"

नमुना आणि समष्टी यांतला फरक मी वर्गात दरवर्षी किती तोऱ्यात सांगते! त्या क्षणी वाटलं, बाराच्या बारा चांगले निघायला हवे होते, मी तोंडावर आपटायला हवी होती. "तुमका म्हायतच नाय होता, बाबा," एवढंच मला बोलता आलं.

त्यांनी हात धुतले, व्यापाऱ्याला फोन लावला आणि सरकारी कचेरीत बोलतात तशा शुद्ध मराठीत म्हणाले, "वरची ओळ सोडून बाकीची बाग बघा. आणि यंदा कापायचा आंबा तुम्ही निवडा."