‘पण’च्या अलीकडे

मामीचा फोन आला तेव्हा मी भुसावळला माझ्या घरी गॅसजवळ उभी होते, दूध उतू जाईल म्हणून एक डोळा तिकडे. मामी म्हणाली, “मंगल, ह्यांचा चष्मा कुठं दिसून नाही राहिला गं. तुला मालूम आहे का कुठं ठेवतात?” मला जरा रागच आला. बुऱ्हाणपूरच्या घरातला चष्मा मी भुसावळहून कसा शोधणार? म्हटलं, उशीखाली बघ, मोरीजवळच्या कोनाड्यात बघ, नाहीतर सरळ मामांनाच विचार. मामी मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, “त्यांना काय विचारू आता… दुपारी नेतील ना. चष्म्याबिगर कसं पाठवू?” मी गॅस बंद केला. दुधाचं पुढे काय झालं ते मला आठवत नाही.

मी पोचले तेव्हा राजपुऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांसमोर माणसं जमली होती. मामा पहाटे झोपेतच गेले होते. चेहरा किती शांत आहे, असं जो तो म्हणत होता. मला तो शांत वाटला नाही, अपुरा वाटला. नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याच्या खुणा होत्या आणि चष्मा नव्हता. आम्ही कपाट पाहिलं, गादी उलटी केली, मामी तर तांदळाच्या डब्यातही हात घालून आली. शेवटी बाहेरच्यांनी घाई केली आणि मामांना तसंच तापीवर नेलं. लोधीपुऱ्याच्या देवळात रोज पोथी ऐकायला येणाऱ्या एक आजी दारात उभ्या होत्या. त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “असं नका नेऊ हो त्यांना, आधी चष्मा घाला.” नव्या माणसांना वाटलं, म्हातारीला भ्रम झालाय. ज्यांनी मामांची पोथी ऐकली होती ते मात्र त्या वाक्याने ढसाढसा रडले, आणि त्यांत मी होते.

वामनमामा माझ्या आईचे थोरले भाऊ. उभी नोकरी नेपानगरला कागदाच्या कारखान्यात झाली आणि निवृत्तीनंतर ते बुऱ्हाणपुरात राहायला आले; भुसावळहून रेल्वेने तासाभराचं अंतर, म्हणून मी वरचेवर जायची. चातुर्मासात रोज संध्याकाळी लोधीपुऱ्यातल्या एका लहानशा देवळात ते पोथी सांगायचे. पेटी नाही, टाळ नाही, हारतुरे नाहीत. एक चौरंग, लाल फडक्यातली पोथी आणि समोर सतरंजीवर बसलेली वस्तीतली माणसं, एवढाच थाट. आपल्या जुन्या ग्रंथांची एक रीत आहे. आपलं मत सांगण्याआधी विरोधकाचं मत मांडायचं, आणि ते असं मांडायचं की खुद्द विरोधकानेही मान डोलवावी. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. तो पुरता मांडून झाला की ‘पण’ म्हणायचं आणि मग आपलं उत्तर द्यायचं. मामांनी या रीतीला स्वतःची एक खूण जोडली होती. विरोधक बोलायला लागला की ते चष्मा काढून चौरंगावर ठेवायचे, आवाज चढवायचे, मांडीवर थाप मारायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, हाच खरा. मग थांबायचे, हात चौरंगाकडे जायचा, चष्मा डोळ्यांवर यायचा आणि शांतपणे शब्द यायचा, “पण…” देवळातल्या लहानथोरांना हे पाठ होतं. चष्मा नसलेले मामा म्हणजे मामा नव्हेतच, दुसरंच कुणीतरी बोलतंय.

ही सवय फक्त पोथीपुरती असती तर मामीचा संसार सोपा झाला असता. लहानपणी मी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या नेपानगरच्या क्वार्टरमध्ये जायची. घरात भांडण झालं की मामांचा नियम असा की आधी समोरच्याची बाजू बोलून दाखवायची, त्याने ‘हो, हेच माझं म्हणणं’ असं म्हटलं की मगच आपली तक्रार काढायची. एकदा पाहुण्यांवरून दोघांचं वाजलं. मामांनी चष्मा काढून मामीची बाजू अशी काही रंगवून सांगितली, की तिचं अख्खं माहेर, तिची पाठदुखी, मागच्या वर्षीचे पाहुणे, सगळं त्यात आलं. मामी ऐकत राहिली आणि हसत सुटली. “ह्यांच्याशी धड भांडताही येत नाही गं,” असं ती मला पीठ मळता मळता सांगायची. मला मामांनी पोथी वाचायला शिकवली तीही अशीच. विरोधकाचं काम नेहमी माझ्याकडे. मी मिळमिळीत बोलले की म्हणायचे, “असं नाही चालणार. त्या बिचाऱ्याला कुणी वकील नाही, तूच आहे. पूर्ण जोर लाव.” बिचारा हा शब्द ते विरोधकासाठी मनापासून वापरायचे. त्यांना खरंच त्याची दया यायची, कारण पुढच्या पानावर तो हरणार हे त्यांना माहीत असायचं.

अलीकडे संध्याकाळी ते टीव्हीवरच्या चर्चा बघायचे आणि त्या बघणं म्हणजे त्यांचा छळ होता. तिथे जो तो खिशात एकेक वचन घेऊन आलेला. हा म्हणणार, धर्मात असं लिहिलंय; तो म्हणणार, तुमच्याच धर्मात तसं लिहिलंय. मामा ताडकन उठायचे, फडकं सोडायचे, पोथी काढायचे आणि त्या वचनाच्या आधी काय आहे, नंतर काय आहे ते शोधू लागायचे. त्यांचं पान सापडेपर्यंत इकडे जाहिराती लागलेल्या असायच्या. तरी ते पान मला मोठ्याने वाचून दाखवायचे, बंद पडलेल्या वादातलं. चौकातला एक कार्यकर्ता एकदा घरी आला होता. म्हणाला, “मामाजी, बॅनरवर टाकायला एखादा श्लोक द्या ना, छोटासा. जोरदार पाहिजे पण.” मामा म्हणाले, “छोटासा नाही मिळत माझ्याकडे. पूर्ण अध्याय घेऊन जा.” तो हसला, चहा प्यायला आणि गेला. आम्हीही हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

मग नगर निगमची निवडणूक आली. देवळाच्या वॉर्डातून सुनंदाताई पार्षद, म्हणजे नगरसेविका, व्हायला उभ्या राहिल्या. या सुनंदाताई देवळात पोथीला येणाऱ्या, बोलायला स्पष्ट, नळाच्या पाण्यावरून ऑफिसात जाऊन भांडणाऱ्या. त्याच्या आधीच्या चातुर्मासात, पोथीला येणाऱ्या एका बाईने कौतुकाने मामांचं बोलणं मोबाइलवर टिपलं होतं. पूर्वपक्ष चालू होता. मामा चष्म्याशिवाय, आवाज चढवून म्हणत होते, “बायकांना या पोथीचा अधिकार नाही. शास्त्राचं वचन आहे. बाईने चूल सांभाळावी, चारचौघांत बसून निवाडा करणं हे तिचं काम नाही.” एवढ्यात मोबाइलमधली जागा संपली आणि चित्रण थांबलं. तिने ते तसंच बायकांच्या ग्रुपवर टाकलं होतं, खाली हात जोडून. निवडणुकीच्या दिवसांत ते कुणीतरी तिथून उचललं. सुरुवातीला मामा ‘आता विरोधक उभा राहतो’ असं म्हणाले होते, तेवढं कापलं. मागे ढोल-नगारे जोडले, वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘सुनो, शास्त्र क्या कहता है’. सुनंदाताईंच्या विरोधात ते घरोघर फिरलं. सुनंदाताईंच्या बाजूचे लोकही काही कमी नव्हते. त्यांनी तोच तुकडा घेतला आणि खाली मामांना म्हातारा, सडक्या डोक्याचा, अजून काय काय म्हटलं. दोन्ही बाजूंना मामा तेवढेच पुरले. पुढे काय म्हणाले, हे विचारायची गरज कुणाला पडली नाही.

पुढे ते काय म्हणाले होते ते मी सांगते, कारण मी त्या संध्याकाळी तिथे होते. त्यांनी चष्मा घातला आणि म्हणाले, “पण ही पोथी मला मांडीवर बसवून शिकवली ती माझ्या आईने. मग काय, शास्त्र चुकलं का माझी आई चुकली?”  मग म्हणाले, “कुणीच नाही चुकलं. आपण अर्धं वाचून उठलो.” आणि त्यांनी पोथी बायकांच्या बाजूला सरकवली. पुढची पानं त्या दिवशी सुनंदाताईंनी वाचली होती.

तो व्हिडिओ पाहिल्यावर मामा आधी सुनंदाताईंकडे गेले. मी सोबत होते. ताईंनी चहा केला, पाया पडल्या, आणि म्हणाल्या, “मामा, तुमचं मला मालूम आहे. मी होते ना तिथं. पण ज्यांनी मोबाइलवर ऐकलं त्यांना मी कुठं कुठं समजवू?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. पुढे त्या पडल्या. व्हिडिओमुळे पडल्या असं कुणी सांगू शकत नाही, मामांना मात्र ते तसंच वाटत राहिलं. लोक म्हणाले, मामा, तुम्हीही एक व्हिडिओ काढा, खुलासा करा. मामांनी तोही प्रयत्न केला. ओट्यावर बसून त्यांनी आधी विरोधकाचं म्हणणं मांडायला सुरुवात केली, नेहमीप्रमाणे पूर्ण जोर लावून, आणि समोर मोबाइल धरलेला माणूस घाबरून म्हणाला, “मामाजी, हे नका बोलू, हे तर कापून अजून चालवतील.” मामा थांबले. चष्मा हातात घेऊन तसेच बसून राहिले. ज्या माणसाने जन्मभर विरोधकाला पुरतं बोलू दिलं, त्याला आता स्वतःचं वाक्यही पुरं करायची सोय उरली नव्हती. माझा अजून संताप होतो त्या आठवणीने.

त्यानंतरच्या चातुर्मासात ते चौरंगावर बसले, पण ते मामा वेगळे होते. चष्मा काढेनात. विरोधकाच्या प्रत्येक वाक्यामागे ‘हे मी नाही म्हणत हं, तो म्हणतो’ असं जोडायचे. समोर कुणी मोबाइल काढला की अडखळायचे. एवढा तडफदार विरोधक, तो बापडा मिळमिळीत झाला, आणि त्याला दिलेलं उत्तरही मिळमिळीत झालं. हरवायलाच कुणी नव्हतं. लहानपणी मला ‘जोर लाव’ म्हणणारा हा माणूस… मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. एका संध्याकाळी त्यांनी अध्यायाच्या मध्येच पोथी मिटली, फडक्यात बांधली आणि चातुर्मास संपायच्या आत वाचन बंद केलं. मामी म्हणते, त्या दिवसापासून ते घरातही भांडले नाहीत. तिने मुद्दाम खरकटी ताटं तशीच ठेवून पाहिली, पाहुणे बोलावून पाहिले. ते नुसतं ‘बरं’ म्हणायचे.

आमची शेवटची भेट दिवाळीनंतरची. तो तुकडा कुठल्याशा दुसऱ्या शहरात, दुसऱ्याच कुठल्या वादात पुन्हा फिरत होता आणि कुणीतरी शहाणपणाने तो मामांनाच पाठवला होता. मी म्हटलं, “मामा, डिलीट करा ना. कशाला बघता?” ते म्हणाले, “आवाज तर माझाच आहे गं, मंगल. नाही कसं म्हणू मी?”  निघताना मी पाया पडले, तर त्यांनी पिशवीत केळी भरून दिली आणि खालची दबतील म्हणून मांडीवर धरून ने, असं बजावलं. त्यानंतर मी त्यांना पाहिलं ते बाहेरच्या खोलीत, चष्म्याशिवाय निजवलेलं.

चष्मा तेराव्यानंतर सापडला. मामी म्हणाली, पोथी देवळात देऊन टाकू, मला बघवत नाही. मी फडकं सोडलं तर मधल्या पानावर चष्मा होता, काड्या नीट मिटलेला. त्यांनी वाचन जिथे सोडलं होतं तेच पान. मग मामीला आठवलं, मामा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी ती शेजारी गेली होती आणि हे घरात एकटेच होते. कितीतरी महिन्यांनी त्यांनी पोथी उघडली होती म्हणजे. पुढचं वाचलं की नाही, वाचलं तर कसं वाचलं, कुणाच्या बाजूने आधी बोलले, काहीच कळायला मार्ग नाही. मामी त्या पानाकडे बघून एवढंच म्हणाली, “मी घरी असती तर ऐकलं असतं.”

त्यांचा आवाज आमच्याकडे दुसरा नाही. माझ्या लग्नाची कॅसेट आहे, तिच्यावर सगळीकडे सनईच वाजते. ज्या बाईने चित्रण केलं होतं तिच्या मोबाइलमधून ते केव्हाच पुसलं गेलं. उरलाय तो ढोल-नगाऱ्यांचा तुकडा, ज्याने त्यांना खाल्लं. मी त्या व्हिडिओचा इतका तिरस्कार करते की तो लागला की खोलीतून उठून जाते. परवा मात्र बसून राहिले, कारण मामीने माझा हात धरून ठेवला होता. चष्मा तिच्या मांडीवर होता, पदराने पुसून पुसून लख्ख केलेला. व्हिडिओत मामा गरजत होते, बायकांना अधिकार नाही, चूल सांभाळावी, आणि जन्मभर त्यांची चूल सांभाळलेली मामी त्यांच्याकडे अशी बघत होती की… शेवटचं वाक्य संपलं. तेव्हा मला प्रथमच दिसलं, चित्र थांबायच्या अगदी आधी मामांचा उजवा हात चौरंगाकडे निघालेला आहे. मामी फक्त तो हात बघायला रोज ते सगळं ऐकते. माझा हात घट्ट दाबून ती म्हणाली, “आता घालतील, बघ.” आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.