भट्टीमागची खोली

लालबागच्या त्या चाळीत तळमजल्यावरची शेवटची खोली कुणी हौसेने घेतली, असं कधी झालं नाही. तिची मागची भिंत शेजारच्या बेकरीच्या भट्टीला लागून होती. उन्हाळ्यात त्या भिंतीला पाठ टेकली तर पोळायची. डब्यातला गूळ पाघळायचा, आणि नवं आलेलं बिऱ्हाड चैत्र संपायच्या आत दुसरी जागा शोधू लागायचं. सीतारामनं ती खोली भाडं कमी म्हणून घेतली होती. वर्षभरात बदलू, असं त्यानं बायकोला सांगितलं होतं. ते वर्ष काही सरलं नाही. राजापूरकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेली त्याची बायको बकुळा मिलच्या वायंडिंग खात्यात सूत गुंडाळायला लागली, दोन मुलं झाली नि गेली, पुढे सीतारामही गेला, आणि बकुळा त्या भिंतीपाशीच राहिली.

भिंतीचा तिला मनापासून राग होता. एप्रिल-मे ती बाहेर गॅलरीत झोपून काढायची. फक्त पावसाळ्यात खोलीला भाव यायचा. चाळीतल्या बाळंतिणी दुपटी-लंगोट घेऊन यायच्या आणि बकुळा भिंतीलगत दोरी बांधून ती वाळवून द्यायची. या पलीकडे आपल्या खोलीचा कुणाला उपयोग असेल असं तिच्या मनात आलं नव्हतं.

तो पौष महिना वेगळा होता. दसऱ्याला बौद्ध धर्माच्या दीक्षेचा मोठा सोहळा झाला होता, आणि डिसेंबरात ती दीक्षा देणारे बाबा गेले होते. दादरच्या चौपाटीकडे निघालेला तो माणसांचा समुद्र बकुळानं मिलच्या दारातून पाहिला होता. समोरच्या चाळीला गल्लीतले लोक अजून जातीच्या जुन्याच नावानं ओळखत, पण त्या चाळीनं ते नाव टाकून दिलं होतं; ती माणसं आता बौद्ध झाली होती. महिना उलटला तरी त्या चाळीत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. इकडे बकुळाच्या चाळीतली तरुण पोरं संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना धावत होती. निवडणूक तोंडावर आली होती, भिंती घोषणांनी भरल्या होत्या. आणि या सगळ्यात संक्रांत होऊन गेल्यावर उत्तरेकडून वारा सुटला आणि थंडी पडली.

मुंबईच्या माणसाला थंडी ठाऊक नसते. घराघरात एखादं कांबळं, गावाहून आणलेली एखादी गोधडी, बस्स. धडधाकट माणसांनी कानाला मफलर गुंडाळले आणि ती पाळीवर गेली. हाल झाले ते म्हाताऱ्यांचे. जिन्याखालच्या बोळकांडीत कुशाबा नावाचा म्हातारा राहायचा. जन्म कापूस पिंजण्याच्या खात्यात गेलेला, छातीत दमा, मागेपुढे कुणी नाही. त्या वाऱ्यात त्याचा श्वास असा अडकू लागला की ऐकणाऱ्याचा जीव घाबरा व्हावा. परळच्या बाजूला फुटपाथवर एक म्हातारी गारठून गेल्याची बातमी आली. त्या संध्याकाळी बकुळानं कुशाबाला धरून आपल्या खोलीत आणलं आणि भिंतीला टेकवून बसवलं. तिला दुसरं काही सुचलं नव्हतं. थोड्या वेळानं म्हाताऱ्याच्या छातीतली शिट्टी थांबली. तो डोळे मिटून बसून राहिला, आणि बकुळा त्याच्याकडे पाहत राहिली. इतकी वर्षं जिला शिव्या दिल्या ती भिंत हे करू शकते, हे तिला पहिल्यांदा कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दोन म्हाताऱ्या आल्या. मग लकवा झालेला एक विणकर आला, मग गावाहून मुलाकडे आलेले कुणाचे तरी आजोबा. चाळीच्या मंडळाचे अध्यक्ष अप्पा यांची आई कमळाबाई नव्वदीच्या घरातली, रागीट. तीही चटई घेऊन आली आणि मधली जागा धरून बसली. आणि एके संध्याकाळी समोरच्या चाळीतला बुधाजी दारात उभा राहिला. तो रे रोडला लाकडाच्या वखारीत कामाला होता. आईला पाठीवर घेऊन आला होता, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हता.

"बकुळाताई, आईचे पाय रात्रभर बर्फ होतात," एवढंच तो म्हणाला.

बकुळानं कमळाबाईला जरा सरकायला सांगितलं आणि म्हातारीला तिथे बसवलं. कमळाबाईनं तोंड फिरवलं, पण ती उठली नाही. भिंत सोडून जाणं कुणाला परवडणारं नव्हतं.

असे काही दिवस गेले, आणि एका सकाळी बेकरीवाले शेठ स्वतः सांगायला आले. माणूस सज्जन, पण धंद्यापुढे त्यांचा इलाज नव्हता. लाकूड महागलं होतं, पावाला उठाव नव्हता. म्हणून ते उद्यापासून मागची भट्टी बंद ठेवून पुढच्या एकीवरच काम भागवणार होते. मागची भट्टी म्हणजे बकुळाच्या भिंतीची. कुणी लाकूड दिलं तर ती पेटवायला माझी माणसं आहेत, त्यांची मजुरी मला नको, असंही ते म्हणाले. पण लाकूड कोण देणार?

बकुळा उभ्या आयुष्यात मंडळाच्या बैठकीला गेली नव्हती. त्या दिवशी गेली. मंडळाकडे वर्गणी जमलेली होती, ती वार्षिक नाटकासाठी. कारकून असलेला गंगाधर मंडळाचा चिटणीस होता आणि नाटकाचा नायकही. दोन महिने तो गॅलरीत फेऱ्या मारत भूमिका पाठ करत होता. बकुळानं दाराशी उभ्यानंच भट्टीच्या लाकडाचं सांगितलं. सगळ्यांना गोष्ट पटली, पण लोकांनी नाटकासाठी दिलेला पैसा लाकडात कसा घालायचा, यावर बराच खल झाला. मग एकानं मनातली खरी अडचण बाहेर काढली. पैसा आपल्या चाळीचा आहे, तेव्हा खोलीत आपल्या चाळीचीच माणसं असावीत. समोरच्यांचं समोरच्यांनी बघावं. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. अप्पांनी बकुळाकडे पाहिलं.

"अप्पा, माझ्याकडे हाय काय?" बकुळा म्हणाली. "एक भिंत हाय. ती पण माझी नाय, बेकरीवाल्याची. मी ती कोणाला नाय म्हणून सांगू?"

बैठक निर्णय न होता उठली. अप्पांना मात्र आपली आई कुणाच्या शेजारी बसते हे त्या बैठकीतच कळलं होतं. ते तडक बकुळाच्या खोलीकडे निघाले, आईला घरी न्यायला. बकुळा मागोमाग गेली. 

खोलीत दोन्ही म्हाताऱ्या एका कांबळ्यात गुडघे घालून बसल्या होत्या. कसा कोण जाणे, गावाचा विषय निघाला होता. कमळाबाईचं माहेर अर्जुना नदीच्या काठावरचं, आणि बुधाजीच्या आईचंही तिथलंच. कमळाबाई वरच्या पाणवठ्यावर पाणी भरायची, ती खालच्या. दोघींच्या लहानपणी एकच मोठा पूर आला होता. एकीच्या घरातलं भाताचं कणगं वाहून गेलं होतं, दुसरीचा पाठचा भाऊ. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचं ते पाणी दोघी हातवारे करून एकमेकींना दाखवत होत्या. अप्पांनी दोनदा हाक मारली तेव्हा कमळाबाईनं वर पाहिलं.

"थांब रे जरा," ती म्हणाली. "ही भावाचं सांगतेय."

अप्पा थांबले. भावाची गोष्ट संपेपर्यंत चौकटीला हात लावून ऐकत राहिले, मग चपला घालून निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच मंडळाच्या माणसांना बोलावून सांगितलं, की यंदा नाटक नाही, पैसा लाकडाला जाईल, आणि खोलीत कोण बसतं हे बकुळा ठरवील. सगळ्यांनी गंगाधरकडे पाहिलं. भूमिका गेल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण सगळ्यात आधी हात वर केला तो त्यानंच.

बुधाजीनं वखारीच्या मालकाशी बोलून कापून उरलेली लाकडं स्वस्तात मिळवली. त्याच्या चाळीनंही आपसात बोलून ठरवलं होतं, की पैसे तुमचे, तर वाहून आणण्याचं काम आमचं. त्याच दुपारी चार हातगाड्या रे रोडहून निघाल्या.

बकुळा पहिल्या पाळीहून येऊन गल्लीच्या तोंडाशी वाट पाहत उभी होती. गाड्या येईनात. मग कुणीतरी सांगत आलं, की काळाचौकीशी एका गाडीचा कणा मोडला, दुसरीचं चाक निखळलं, लाकूड रस्त्यावर सांडलं आणि मागच्या दोन्ही गाड्याही अडकून पडल्या.  आज भट्टी पेटली नाही तर भिंत रात्रीतून गार पडणार होती.

आणि मग तिला ती माणसं दिसली.

आधी बुधाजी, खांद्यावर ओंडका घेऊन. त्याच्या मागे त्याच्या चाळीतले पुरुष, प्रत्येकाच्या खांद्यावर काही ना काही. त्यांच्या मागे गंगाधर, कचेरीच्या पांढऱ्या शर्टाला भुसा लागलेला. आणि त्याच्याही मागे माणसंच माणसं. काळाचौकीकडच्या मिलची दिवसपाळी सुटली होती; घराकडे निघालेल्या कामगारांनी रस्त्यावर सांडलेलं लाकूड पाहिलं, कशासाठी ते विचारलं, आणि एकेक फळी उचलून ते रांगेत चालू लागले. त्यात तिच्या ओळखीचे थोडे, बाकी कुठले कोण. केसांत कापूस अडकलेले, डबा एका हातात आणि लाकूड खांद्यावर. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या प्रचाराला निघालेली पोरं झेंडे काखेत मारून ढलप्या वाहत होती. कुणी घोषणा देत नव्हतं, कुणी कुणाला हाका मारत नव्हतं. एवढ्या माणसांच्या पावलांचा फक्त आवाज येत होता, आणि रांगेचं दुसरं टोक वळणापलीकडे होतं, ते काही दिसत नव्हतं.

 एका म्हाताऱ्याला धाप लागली म्हणून आपण त्याला आत घेतलं, एवढंच तर झालं होतं. त्यातून हे केवढं उभं राहिलं! बकुळानं डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. कुणाला जोडले ते तिला सांगता आलं नसतं. देवळात उभं राहिल्यावर होतं तसं तिला झालं होतं, आणि समोर तर मळक्या कपड्यांतली, दमलेली माणसं होती. लाकूड बेकरीच्या दाराशी टाकून ती आली तशीच निघून जात होती. आभार मानून घ्यायलाही कुणी थांबलं नाही.

दिवेलागणीला भट्टी पेटली. थंडी पुढे आठवडाभर टिकली, आणि तेवढे दिवस भिंत गार पडली नाही. वारा फिरला त्या सकाळी कुशाबा भिंतीला टेकूनच गेला. बकुळा चहाचा पेला घेऊन उभी होती आणि तो घ्यायला हात पुढे आला नाही. तिला वाटलं, आपण कमी पडलो. बुधाजीची आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, मग म्हणाली, "ऊब घेऊन गेला गो. किती जणांना मिळते?" ज्याला कुणी नव्हतं त्या कुशाबाला दोन्ही चाळींतल्या माणसांनी खांदा दिला, आणि रडायलाही बायका मिळाल्या.

मंडळानं त्या वर्षापासून वर्गणीतला एक हिस्सा थंडीसाठी बाजूला ठेवायचं ठरवलं. पुढच्या वर्षी नाटक झालं. गंगाधर पहिल्याच प्रवेशात वाक्यं विसरला, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी बकुळाला वरच्या मजल्यावर वाऱ्याची खोली मिळवून देतो म्हणून सांगितलं. तिनं विचार करते म्हटलं, आणि केला नाही.

त्या थंडीनंतरचा पहिला मार्गशीर्ष लागला, हवेत अजून गारवाही नव्हता, तेव्हा एका संध्याकाळी कमळाबाई चटई काखेत मारून दारात येऊन उभी राहिली. आत डोकावून तिनं कोपरान्‌कोपरा पाहिला आणि नाराजीनं विचारलं, "ती कुठाय? आली नाय अजून?"

बकुळानं चुलीवरचं आधण उतरवलं आणि समोरच्या चाळीत बोलावणं करायला निघाली.