माझा एक मित्र म्हणतो

गुरुवारी सकाळी सात वाजता फोन वाजला की तो दिगूचाच असणार, म्हणून उचलल्या उचलल्या मी म्हटलं, "बोला महाराज, आज कुणाला घरात कोंडताय?" पलीकडे कुणी हसलं नाही. मग त्याच्या मुलीचा, सायलीचा, आवाज आला, "काका… बाबा गेले. पहाटे." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "आणि लेख?" सांगायची लाज वाटते, पण पहिलं निघालं ते हेच. ती बिचारी म्हणाली, "टेबलावर आहे. अर्धाच."

त्याला आता दीड महिना झाला. दिगंबर भोपी कोण, हे आपल्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. दर रविवारी त्याचा 'उंबरठ्याच्या आत' हा स्तंभ यायचा आणि बदलापूर ते उल्हासनगर चहाच्या टपऱ्यांवर त्यावर वाद व्हायचे. लिहायचा राजकारणावर, पण उभा राहायचा एकाच जागी. जुनं उगाच मोडू नका. घर, देव, गाव, वडीलधारी यांना हात लावण्याआधी दहादा विचार करा. तो कुठल्या पक्षाचा नव्हता. त्याच्याच विचाराचे पुढारी त्याला जास्त टरकून असायचे, कारण त्यांनी तिकिटासाठी कोलांटी मारली की पहिला फटका दिगूचाच. मी त्याच्या अगदी उलट्या टोकाचा. दोघं एकाच वर्षी अंबरनाथच्या एका छोट्या साप्ताहिकात लागलो. तो पालिकेच्या बातम्या करायचा, मी कारखान्यांच्या. पुढे तो मोठ्या दैनिकात गेला आणि मी… मी दुसऱ्यांच्या बातम्यांना मथळे देत निवृत्त झालो.

खरं सांगतो, मी त्याच्यावर जळायचो. माझे वडील जन्मभर लाल झेंड्याखाली घोषणा देत आलेले, पण रविवारी आधी दिगूचा लेख उघडायचे. "विचार साफ चुकीचे आहेत रे," म्हणायचे, "पण लिहितो बघ कसा." तो 'पण' मला झोंबायचा. माझं नाव छापून आलेल्या बातमीवर त्यांनी कधी साधं 'बरं' म्हटलं नाही. कहर म्हणजे माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणा म्हणून लोकांनी बोलावलं कुणाला, तर दिगूला. टाळ्या त्याला, नारळ मला.

एक गोष्ट मात्र माझी होती. दिगूची आई वारली, त्यानंतर महिन्याभरात गुरुवारी सकाळी त्याचा फोन आला. "लेख वाचतो, ऐक. जिथं खोटं वाटेल तिथं शिव्या दे." मी मनापासून दिल्या. तेव्हापासून सोळा वर्षं हा नेम चालला. तो संथ आवाजात वाचायचा, मी मध्येच तोडायचो… आणि रविवारी छापून यायचं, "माझा एक मित्र म्हणतो," पुढे माझा मुद्दा आणि त्याखाली त्याचं उत्तर. उत्तर इतकं नेमकं असायचं की माझ्याच मुद्द्यावर मी हरायचो. लोक म्हणायचे, भोपीसाहेब समोरच्याची बाजूही किती सच्चेपणानं मांडतात! अरे, ती बाजू माझी होती! मी कधी कुणाला सांगितलं नाही. पण 'माझा एक मित्र' म्हणजे मी, या एका गोष्टीवर मी सोळा वर्षं आतल्या आत ताठ चालत होतो. त्या अर्ध्या तासात आमच्या घरी कुकर लावायची बंदी होती. शिट्टी झाली की दिगू वैतागून परिच्छेद पहिल्यापासून वाचायचा. बायको स्वयंपाकघरात भाजी निवडत बसायची.

बदलापुरात कात्रपच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. मी काय बोलायचं ते मनात घोळवून गेलो होतो. आज तो मित्र कोण ते सांगून टाकायचं. माझ्या आधी उल्हासनगरचे एक पडद्याच्या कापडाचे व्यापारी उठले, गोपशेठ. डोळे पुसत म्हणाले, "साहेब लिहायचे ना, माझा एक मित्र म्हणतो… वो मित्र मैं हूँ. दर गुरुवारी साडेसहाला मला फोन. पूरा लेख ऐकवायचे. मी म्हणायचो, साहेब, ये गलत है." साडेसहा! म्हणजे माझ्या आधी अर्धा तास! म्हणजे मला मिळायचा तो दुसऱ्यानं उष्टावलेला लेख. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठलो, दोन वाक्यं बोललो आणि खाली बसलो.

आठ दिवस मी धुमसत होतो. शेवटी बायको म्हणाली, "अहो, माणूस गेलाय, आणि तुम्ही सवतीसारखं काय चालवलंय?" तिचं खरं होतं, पण कळतंय आणि वळत नाही अशी माझी गत. मी तडक उल्हासनगरला त्या गोपशेठच्या दुकानात गेलो.

त्यांनी चहा मागवला आणि कपाटातून पडद्यांचे नमुने चिकटवायचा एक जाडजूड अल्बम काढला. कापडाचे तुकडे काढून त्यात दिगूची कात्रणं लावलेली. मी म्हटलं, चला, होऊन जाऊ दे निकाल. आम्ही दोघं पानं उलटू लागलो. "ये मेरा." "हे माझं." बाजारपेठेच्या रुंदीकरणाचा मुद्दा त्यांचा, कंत्राटी कामगारांचा माझा. एका लेखावर तर दोघांनीही हक्क सांगितला आणि चहा गार होईपर्यंत भांडलो. गोपशेठही मेले चिवट, हार मानेनात. मग अल्बमचं अगदी पहिलं पान आलं. कात्रण पिवळं पडलेलं.

"हे तुमचं?" मी विचारलं.

"नाही भाऊ. तेव्हा मी फक्त वाचायचो. ओळख नंतरची. तुमचं असणार."

माझंही नव्हतं. तेव्हा मला फोन सुरूच झाले नव्हते. पालिकेत बायकांसाठी जागा राखीव झाल्या, त्यावरचा लेख होता. बाईला उंबरठ्याबाहेर ओढून राजकारणाच्या चिखलात का उतरवता, असा सगळा सूर. आणि शेवटी, "माझा एक मित्र म्हणतो, त्या बाया घरातच बसल्या असत्या तर आपण शिकलो असतो का? याचं उत्तर मला सुचत नाही." बस. लेख तिथंच संपला होता.

मी ते दोनदा वाचलं आणि मला सोनिवलीचं त्याचं घर आठवलं. दिगूची आई डोक्यावर भाजीची टोपली घेऊन रोज कुळगावच्या बाजारात बसायची. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून दर गुरुवारी दिगू तिच्यापुढे बसून लेख मोठ्यानं वाचायचा. त्या दिवशी मीही होतो, सुकटीबरोबर भाकरी खात. ऐकून ती म्हणाली होती, "मी घरान बसले असते त तुला शिकवला कोनी असता रं?" मी फस्सकन हसलो होतो. दिगू हसला नव्हता.

"कौन है ये?" गोपशेठनी विचारलं.

"त्याची आई," मी म्हटलं.

आम्ही दोघं कोण, तर ती गेल्यावर तिच्या रिकाम्या जागी बसवलेले. माझ्या शेकडो मुद्द्यांना त्यानं उत्तर दिलं, गोपशेठच्याही मुद्द्यांना दिलं. तिच्या एका प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आणि मला त्या माउलीचाही हेवा वाटला… काय करणार, जित्याची खोड.

हा लेख इथपर्यंत लिहून झाल्यावर परवा गुरुवारी सकाळी सात वाजता मी तो मोठ्यानं वाचून बघितला. दिगूची सवयच तशी लागलेली. घरात बायकोच होती, स्वयंपाकघरात. वाचून संपवलं तेव्हा ती दारात येऊन उभी होती.

"दिगूभाऊजींचे लेखही सोळा वर्षं ऐकलेत मी," ती म्हणाली. "स्पीकरवर लावून बसायचात. मला कधी विचारलंत, तुला काय वाटतं म्हणून?"

मी कागद खाली ठेवले. स्वतःला दिगूच्या उलट्या टोकाचा म्हणवणारा मी… "विचारतो," म्हटलं. "बोल, काय वाटतं?"

"थांबा जरा," ती म्हणाली. "आधी कुकर लावते."