अजून वाजत नाही
पेट्रोल आणि ताज्या कापलेल्या गवताचा वास आला की इंग्लंडमधल्या लीड्सजवळचा तो पडका मठ आठवतो. तिथलं लॉन मोडून आम्ही स्वयंसेवकांनी तिथलीच जुनी रानफुलं पेरली होती, आणि बी पिकायच्या आत मठाच्या मॅनेजरने कापणीचं मशीन पाठवलं. म्हणे, फार अनटायडी दिसतं! पडक्या भिंती चालतात, वाढलेलं गवत नाही! मी ड्रायव्हरला आमच्या रानफुलांच्या पत्रकातलं सगळं भाषण ऐकवलं. मला न्यायला आलेली आई वैतागली, "अगं, भाषण पुरे. कधी कापायचं ते सांग त्याला!" मी एका फुलाचं बोंड तोडून त्याच्या कानाशी हलवलं. "बी पिकलं की हे खुळखुळ्यासारखं वाजतं. तेव्हा कापा." बोंड गप्पच होतं. तो हसला, मॅनेजरला फोन करून म्हणाला, "अजून वाजत नाही," आणि मशीन घेऊन परत गेला. यंदा तिथे फुलं कमरेपर्यंत आलीत. मॅनेजरने त्यांचा फोटो तिकिटांवर छापलाय. छापू दे, कापत तर नाही!